दाव्याची लांबी

समुद्राच्या भरती-ओहोटीचे छापील कोष्टक खिशात असणे आणि ते ऐन वेळी आठवणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, याची प्रचीती मला गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी गावाला लागून असलेल्या सॉल्टविकच्या पुळणीवर, सकाळी साडेसातच्या सुमारास आली. माझा जन्म रत्नागिरीकडचा. उधाण आणि भांग हे शब्द पाटीवर श्रीकार गिरवण्यापूर्वीच माझ्या कानांवरून गेलेले. तरीही लीड्सला भाचीकडे पाहुणा म्हणून गेलेला मी, तिचाच कॅमेरा उसना घेऊन, तो तिपाईवर चढवून, ब्लॅक नॅब नावाच्या काळ्याकभिन्न खडकामागून सूर्यबिंब वर येण्याची वाट पाहण्यात असा काही तल्लीन झालो होतो की पाठीमागे काय चालले आहे याचे भानच मला उरले नाही. वाकदार किनाऱ्यावर पाणी आधी कडेच्या खडकांना वेढते आणि मधली वाळू पुष्कळ वेळ कोरडी ठेवते. त्यामुळे आपण सुखरूप आहोत असे माणसाला वाटत असतानाच त्याची परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

"सामान उचला आणि चला. बोलणं वर गेल्यावर."

हा आवाज पन्नाशी ओलांडलेल्या एका धिप्पाड गृहस्थांचा होता आणि त्यांच्याही खांद्यावर मिटलेली तिपाई होती. कड्याच्या पायथ्याशी पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आले, त्यांच्या मात्र उंच बुटांच्या काठापर्यंतही पोहोचले नाही; पुढे निसरडी पायवाट चढून आम्ही माथ्यावरच्या गवतात टेकलो, तेव्हा माझे आभारप्रदर्शन अर्ध्यावर तोडून ते म्हणाले, "तुम्ही खाली अडकला असता तर अर्ध्या तासानं मलाच बोलावणं आलं असतं. तेव्हा हे मी माझ्याच सोयीसाठी केलं असं समजा."

अशा रीतीने, लेखासाठी मी ज्याच्या शोधात व्हिटबीला आलो होतो तो विषयच मला दंडाला धरून वर घेऊन आला. हे गृहस्थ पोटासाठी सुतारकाम करतात, व्हिटबीच्या जीवरक्षक नौकेवर ते बिनपगारी स्वयंसेवक आहेत, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुधा इतर लोक झोपेत असताना, ते किनाऱ्याची छायाचित्रे काढतात. लेखात नाव घालावयाचे नाही, ही त्यांची एकमेव अट. "बोटीवर आम्ही सहा जण असतो, एकाचंच छापून काय करायचं?" असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते मी मान्य केले.

सॉल्टविकच्या त्या पुळणीवर छायाचित्रकारांची जी रीघ लागते तिचे कारण उघड आहे. समोर ब्लॅक नॅबचा खडक, त्याच्या अलीकडे १९७६ साली येथे आपटलेल्या 'अ‍ॅडमिरल फॉन ट्रॉम्प' नावाच्या मच्छीमार बोटीचा गंजलेला सांगाडा, शेवाळाने हिरव्या झालेल्या सपाट शिळा, आणि हे सारे ईशान्याभिमुख! पण कड्यावर बसून माझ्या सोबत्याने हात लांबवून दाखवले ते वेगळेच काही होते. पुळणीच्या दुसऱ्या टोकाला, सॉल्टविक नॅबच्या बाहेर, लाटा जेथे विनाकारण फुटल्यासारख्या दिसत होत्या, त्या जागेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "रोहिला."

हे नाव ऐकून मी चमकलो, आणि कोणताही हिंदी माणूस चमकेल. 'रोहिला' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची १९०६ साली बांधलेली आगबोट. या कंपनीच्या बोटी मुंबई बंदरातून आफ्रिकेच्या आणि इराणी आखाताच्या फेऱ्या करीत, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला सांगावयास नको. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी 'रोहिला'चे रूपांतर इस्पितळी जहाजात झाले, आणि जखमी सैनिक आणण्यासाठी डंकर्ककडे निघालेली ही बोट ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दीप मालवलेले असताना, या खडकावर चढली. बोटीवर २२९ माणसे होती. किनारा इतका जवळ की भिजत उभ्या असलेल्या गावकऱ्यांना डेकवरची माणसे दिसत होती, आणि समुद्र असा की त्या चिमूटभर अंतरात वल्ह्यांची नौका टिकणे कठीण. व्हिटबीच्या लोकांनी आपली 'जॉन फील्डन' ही नौका हातांनी उचलून बांधावरून पलीकडे काढली, खडकांवरून फरपटत आणली, आणि तळ फुटलेल्या अवस्थेतच दोन खेपा करून ३५ जणांना सोडवले. त्यानंतर ती नौका कामातून गेली. दुसरी एक नौका दोर लावून कड्यावरून खाली सोडण्यात आली. अखेर तिसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरच्या पहाटे, टाइनमथहून सुमारे ४५ मैल अंधारातून आलेल्या 'हेन्री व्हर्नन' या मोटारनौकेने लाटांवर तेल ओतून, जहाजाला भिडून, उरलेल्या ५० जणांना उतरवून घेतले. ८० हून अधिक माणसे बुडाली. वल्ह्यांवर इमान ठेवणाऱ्या जुन्या खलाशांचा यंत्राविषयीचा संशय या तीन दिवसांत पुष्कळसा फिटला असे म्हणतात. तरी सर्वांत शेवटची वल्ह्यांची जीवरक्षक नौका १९५७ सालापर्यंत नोकरीत राहिली, आणि तीही व्हिटबीलाच.

'रोहिला'च्या भग्न सांगाड्याची छायाचित्रे त्या काळी टपालकार्डांवर छापून विकली गेली. तेव्हा बुडत्या जहाजाकडे पाहणारा डोळा आणि त्याच्याकडे जाणारा हात हे या गावात शेजारीशेजारीच नांदत आले आहेत. आणि त्यांची गाठ पडली ती तर त्याच्याही आधी.

९ फेब्रुवारी १८६१ रोजी या किनाऱ्यावर असे वादळ झाले की एका दिवसात व्हिटबीची नौका पाच वेळा बाहेर पडून परत आली, आणि सहाव्या वेळी उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, वीटभट्टीवरचे काम सोडून कोळी झालेला, आणि लाइफबोटीवर त्याच दिवशी प्रथम पाऊल टाकलेला. तो वाचला याचे कारण त्याच्या अंगात बुचांच्या पट्ट्यांचे जाकीट होते. कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली योजलेले हे नवे जाकीट त्या तेरांपैकी त्याने एकट्याने घातले होते. पुढे हा फ्रीमन वीस वर्षांहून अधिक काळ नौकेचा तांडेल झाला. त्याचे जे छायाचित्र आजही दुकानांतून विकावयास असते, त्यात दाढीवाला, रुंद बांध्याचा फ्रीमन छातीभोवती तेच बुचाचे जाकीट बांधून उभा आहे, आणि ते टिपले आहे व्हिटबीच्याच फ्रँक मेडो सटक्लिफ यांनी.

सटक्लिफ (१८५३–१९४१) हे छायाचित्रकलेच्या इतिहासात मान्यता पावलेले नाव. पण त्यांच्याविषयी मला जे विशेष वाटते ते त्यांच्या कीर्तीहून वेगळे आहे. ते होते व्यावसायिक. उन्हाळी पाहुण्यांच्या तसबिरी काढणे हा त्यांचा चरितार्थ. 'जेट' नावाचा काळा दगड घडवण्याच्या एका पडीक कारखान्यात त्यांनी प्रथम दुकान थाटले. दुकान सोडून दूर जाणे त्यांना परवडत नसे. त्यामुळे हिमशिखरे, प्राचीन अवशेष, परदेशांतील नद्या हे जे त्यांच्या समकालीनांचे विषय, ते त्यांच्या वाट्याला आले नाहीत. वाट्याला आले ते एकच बंदर, एकच धक्का, तेच कोळी, त्याच कोळिणी आणि त्यांची पाण्यात डुंबणारी पोरे. दावणीला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीएवढ्याच वर्तुळातले गवत खाते, पण त्या वर्तुळातली एक काडी ती सोडत नाही. सटक्लिफ यांनी व्हिटबीचे तसे केले. धुके कोणत्या वाऱ्याने येते, सकाळचा धूर कोणत्या घरावरून कोणत्या अंगाला कलतो, ओल्या फरसबंदीवर उजेड किती वेळ टिकतो, हे सारे त्यांना प्रवासाने नव्हे, तर प्रवास न करता आल्याने कळले.

हे मी माझ्या सुतार-मित्राच्या कानांवर घातले, तेव्हा त्यांनी कमरेचा पेजर काढून माझ्या तळहातावर ठेवला. काडेपेटीहून थोडा मोठा, कडा घासून पांढुरक्या झालेल्या. "हे माझं दावं," ते म्हणाले. "लांबी मिनिटांत मोजायची."

ही मिनिटांची भानगड समजण्यासाठी या जीवरक्षक नौका चालवणाऱ्या संस्थेचा शिरस्ता थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीने ४ मार्च १८२४ रोजी लंडनमधील एका खानावळीत भरलेल्या सभेत तिची स्थापना झाली, आणि १८५४ पासून ती 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' या नावाने ओळखली जाते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर तिची २३८ ठाणी आहेत. तिचा कारभार सरकारी नव्हे. तो मुख्यतः देणग्यांवर चालतो, आणि नौका दहा वेळा बाहेर पडली तर त्यांतील सहा वेळांचा खर्च कोणा ना कोणा मृत माणसाने मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेतून निघतो. (रस्त्यावर डबे फिरवून धर्मादाय वर्गणी गोळा करण्याची आता सर्वत्र रूढ झालेली चालही या संस्थेसाठीच १८९१ साली मँचेस्टरात सुरू झाली. त्यापूर्वी पाच वर्षे 'मेक्सिको' नावाच्या जहाजाच्या मदतीस गेलेले २७ स्वयंसेवक बुडाले होते, आणि त्यांच्या बायकामुलांची तजवीज करणे अवश्य होते. वर्गणीचा पुढाकार एका सूतगिरणीवाल्याने घेतला.)

नौकेवर जाणारे बहुतेक सर्व स्वयंसेवक आहेत, आणि आज त्यांच्यात दर्यावर्दी पेशाचा माणूस दहांत एखादाच आढळतो. बाकीचे शिक्षक, पाववाले, नळदुरुस्तीवाले, दुकानदार. तटरक्षकांकडून ठाण्याला निरोप येतो, ठाण्याचा व्यवस्थापक नौका सोडण्याची परवानगी देतो, पेजर वाजतात, आणि जो तो हातातले काम टाकून धावतो. तांडेल आलेल्यांतून माणसे निवडतो. पूर्वी यासाठी आकाशात दारूचे बाण सोडीत. आता गावाला काही कळत नाही; फक्त केशकर्तनालयात एखादे गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी आरशात पाहत बसून राहते.

आता या माणसाने छायाचित्रकार व्हावयाचे म्हणजे काय करावयाचे? निसर्गचित्रे काढणारा सहसा भटक्या वृत्तीचा असतो. नॉर्वे, आइसलंड, स्कॉटलंडची बेटे ही त्याची तीर्थक्षेत्रे. आमच्या मित्राचे क्षेत्र उत्तरेस सँड्सएंडपासून दक्षिणेस सॉल्टविकपर्यंत. "सॉल्टविकहून ठाणं मोटारीनं सात मिनिटं. त्यापुढं गेलो तर माझी जागा दुसरा घेईल. पण त्या रात्री दुसरा कुणी नसला तर?" त्यांनी वाक्य पुरे केले नाही. वर्षातून दोन आठवडे ते रीतसर रजा टाकून बायकोबरोबर बाहेरगावी जातात, आणि तेव्हा कॅमेरा नेत नाहीत. तिथला समुद्र आपल्याला वाचता येत नाही असे त्यांचे म्हणणे.

संध्याकाळी त्यांनी मला आपल्या कारखान्यात नेले. लाकडाचा भुसा, सरस आणि चहा यांचा संमिश्र वास. भिंतीशी पटाशा आणि रंधे ठेवण्यासाठी स्वतः बनवलेले उथळ खणांचे कपाट, आणि त्याच्या खालच्या सात खणांत छायाचित्रे. चित्रांना शीर्षके नव्हती. प्रत्येकाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने दिनांक, वारा, आणि भरतीपासूनचे तास-मिनिटे, एवढीच नोंद. जणू कुळकर्ण्याचे दप्तर. मी एकामागून एक शंभरेक चित्रे पाहिली, आणि बऱ्याच वेळाने मला उमगले की त्यांत काहीतरी कमी आहे. दीपगृह गिळणारी लाट नव्हती. बंदराच्या धक्क्यावर आपटून मनोऱ्याएवढा उसळलेला फेस नव्हता. वर्तमानपत्रे आणि दिनदर्शिका ज्याच्यासाठी पैसे मोजतात तो खवळलेला समुद्र त्या सात खणांत कुठेच नव्हता.

मी विचारले तेव्हा ते हसले. "ती लाट टिपायची तर मी धक्क्यावर उभा असायला हवा. आणि ती लाट येते त्या दिवशी मी धक्क्यावर नसतो."

त्यांच्या संग्रहात आहे ते वादळापूर्वीचे किंवा वादळानंतरचे. चिखलात फसलेली दोरी. ओहोटीने वाळूवर सोडलेल्या रेघा. कोवळ्या उन्हात वाळत पडलेले समुद्रशेवाळ. आणि पुष्कळ चित्रांतून नुसतेच पाणी, राखाडी, निवलेले, क्षितिजापर्यंत रिकामे. अशा एका रिकाम्या पाण्याच्या चित्रापाशी मी थांबलो. इतर चित्रांहून ते काही निराळे नव्हते. मध्यभागी पाण्याचा रंग किंचित बदललेला दिसत होता, एवढेच. पाठीमागे दिनांक, वारा, भरती, आणि त्याखाली आणखी एक ओळ होती: आदल्या दिवशीची वेळ.

"इथं आम्ही एकाला सहा तास शोधला. मिळाला नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी भरतीच्या त्याच घटकेला गेलो. पाणी कुठून कुठं जातं ते नीट बघायचं होतं. कॅमेरा बरोबर होता."

त्यांनी चित्र माझ्या हातून घेतले, कडा जुळवून पुन्हा खणात ठेवले, आणि किटलीकडे वळले.

छायाचित्रकलेचे पंडित सौंदर्यासाठी 'अलिप्तता' आवश्यक मानतात, आणि आपल्याकडेही रसचर्चेत साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडताना असाच काहीसा आग्रह धरला गेला आहे. मला त्या कारखान्यात बसून या मताविषयी प्रथमच गंभीर शंका आली. ते पाणी ज्याला वाचता येत होते त्याला ते सुंदर दिसत नव्हते असे कोण म्हणेल? उजेडाची निवड, क्षितिजाची उंची, काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा, या सर्वांत सराईत हात दिसत होता. फक्त ते सौंदर्य पाहुण्याने पाहिलेले नव्हते.

या दोन कामांची सांगड घालणारे ते एकटेच नव्हेत. दक्षिणेकडे डेव्हन परगण्यात टॉर्बे येथील नौकेवर स्वयंसेवक असलेले नायजेल मिलर्ड हे पेशाने छायाचित्रकार. त्यांनी उलट वाट धरली. कॅमेरा नौकेवर नेला, ठिकठिकाणच्या पथकांबरोबर समुद्रात जाऊन त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली, आणि त्यांचा ग्रंथ 'द लाइफबोट' या नावाने २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसळत्या डेकवर एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने चित्र टिपणारा माणूस स्वतः पथकातला असल्याखेरीज त्याला कोणी जवळ येऊ देणार नाही, हे त्यातील चेहरे पाहताच कळते. त्याहीपूर्वी सिली बेटांवर जॉन गिब्सन या खलाशाने कॅमेरा हाती घेतला आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी शंभराहून अधिक वर्षे त्या बेटांवर आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा चित्रमय जमाखर्च ठेवला. तो सारा संग्रह २०१३ साली ग्रिनिचच्या नाविक संग्रहालयाने लिलावात खरेदी केला.

पण माझे मन अधिक रमले ते जॅक लो यांच्या उपक्रमात. या गृहस्थांनी जानेवारी २०१५ मध्ये संकल्प सोडला की संस्थेच्या प्रत्येक ठाण्यावर जावयाचे, आणि तिथल्या पथकाचे व त्या ठाण्यावरून दिसणाऱ्या समुद्राचे चित्र काचेवर काढावयाचे; तेही फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीने! बारा इंच बाय दहा इंचांची काच. तिच्यावर कोलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून, उजेड दाखवून, परत अंधारात नेऊन धुवावयाची. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांत उरकले नाही तर थर वाळला आणि काच फुकट गेली. म्हणून लो यांनी जुनी रुग्णवाहिका विकत घेऊन तिच्यातच काळोखी खोली केली, आणि तिचे नाव ठेवले 'नीना'. इंग्रज पोरे रुग्णवाहिकेच्या भोंग्याची नक्कल ज्या आवाजात करतात, त्यावरून. त्यांचेही दावे पाहावे तर दहा-पंधरा मिनिटांचेच.

या काचेला निळा प्रकाश दिसतो, पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसत नाही. परिणाम असा की दूरवरून दिसावे म्हणून मुद्दाम पिवळे केलेले पथकाचे पोशाख आणि त्यांवरची तांबडी जाकिटे त्या चित्रात काळीठिक्कर पडतात, आणि आजचा नळदुरुस्तीवाला हेन्री फ्रीमनचा समकालीन भासू लागतो. निळे डोळे पाण्यासारखे फिके होतात. आणि उजेड दाखवावयास काही सेकंद लागत असल्याने समोरचा समुद्र, मग तो कितीही हलता असो, दुधासारखा सपाट होऊन बसतो. चित्र पुरे होण्याच्या क्षणी, म्हणजे द्रावणात निळसर धुके विरून चेहरे वर येऊ लागतात तेव्हा, लो त्या खलाशांनाच काळोख्या खोलीत बोलावून घेतात.

येथे एक विषयांतर क्षम्य व्हावे. ज्या १८५४ साली या संस्थेला तिचे आजचे नाव मिळाले आणि वॉर्ड यांचे बुचाचे जाकीट निघाले, त्याच साली मुंबईत 'बाँबे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आद्य हिंदी छायाचित्रकारांत होते. मुंबईच्या उष्म्यात ओली काच किती झपाट्याने वाळत असेल, आणि त्या पिढीने तंबूतल्या अंधारात घामाच्या धारा पुशीत काय कष्ट उपसले असतील, याची कल्पना मला व्हिटबीच्या थंडीत बसून नीटशी येईना. तेव्हा कॅमेरा आपल्याकडे वेळेवर आला. बुचाचे जाकीट मात्र कोकणच्या किनाऱ्यावर वेळेवर आले असे म्हणता येत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मी त्या वेळी जन्मलेलोही नव्हतो. पण आमच्या आजीच्या तोंडी 'रामदास' हा शब्द कालमापनाचे एकक म्हणून येई. अमक्याचे लग्न रामदासच्या आधीचे, तमक्याची मुंज रामदासनंतरची. जी माणसे वाचली त्यांतील कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी वर ओढून घेतले, आणि त्यासाठी होड्यांतली मासळी पाण्यात फेकून जागा केली, असे आमच्याकडे सांगतात. त्या कोळ्यांना ना ठाणे होते, ना पेजर, ना मृत्युपत्रात रक्कम ठेवणारे दाते. त्यांच्या सुटकेच्या कामाचे छायाचित्र मी तरी पाहिलेले नाही. मी हे सांगितले तेव्हा माझे मित्र रंधा बाजूला ठेवून पुष्कळ वेळ ऐकत राहिले, आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या खडकावर भरतीचा ओघ कोणत्या दिशेने चढतो? मला सांगता आले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे पश्चिमेकडच्या वाळवंटावर गेलो. दिवस मावळून गेला होता, पण पाण्यावर अजून शिशाच्या रंगाचा उजेड होता. त्यांनी तिपाई रोवली, कॅमेरा चढवला, भिंग उघडून दीर्घकाळाचे चित्र सुरू केले, आणि आम्ही न बोलता उभे राहिलो. अशा वेळी पावलांचा धक्कासुद्धा बाधतो. तेवढ्यात पेजर वाजला. मी कॅमेऱ्याकडे पाहिले, त्यांनी पाहिलेही नाही. "पाणी अजून तीन तास चढेल," एवढे बोलून ते वाळूतून धावत सुटले, आणि या वयाचा, या बांध्याचा माणूस मऊ वाळूत इतका वेगाने पळू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

बंदराच्या तोंडातून निळी-नारिंगी नौका बाहेर पडताना मला दिसली. तिचे दिवे दोन्ही धक्क्यांच्या टोकांमधून सरळ पुढे गेले, मग उजवीकडे वळले, आणि कड्याआड नाहीसे झाले. मी खिशातून कोष्टक काढले, काडी ओढून वाचले, आणि तिपाई दहा पावले मागे घेतली. अर्ध्या तासाने आणखी दहा. तिसऱ्यांदा हलवताना माझा पाय घसरला आणि एक पाय वाळूत, एक पाय पाण्यात अशा अवस्थेत मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिलो. शेवटी सारे खांद्यावर टाकून वरच्या रस्त्याला लागलो.

नौका परतली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वल्हवायच्या फळीवर उभे राहून वाऱ्याबरोबर दूर गेलेले एक जोडपे सापडले होते. दोघेही गारठलेले, पण धडधाकट. ठाण्यावर चहा झाला. मग खाऱ्या पाण्याने धातू खाऊ नये म्हणून नौका गोड्या पाण्याने नखशिखान्त धुण्याचा जो नेम आहे तो सुरू झाला. रबरी नळी घेऊन माझे मित्र कडेकडेने फिरत होते आणि दुसरे कोणी कुंचल्याने घासत होते. काम संपत आले तेव्हा त्यांचे लक्ष दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे आणि माझ्या खांद्यावरच्या ओझ्याकडे गेले.

"पाण्यात पडली का?"

"एक पाय," मी म्हणालो. "आणि तुमचे चित्र बिघडले. मी मध्येच उचलली."

त्यांनी मान हलवली, कॅमेरा सोडवून कोरड्या फळीवर ठेवला, तिपाई उलटी करून तिचे तिन्ही पाय सांध्यांपासून मोकळे केले, आणि ज्या नळीने नौका धुतली तिच्याच धारेखाली एकेक पाय धरून आतली वाळू काढू लागले.